तक्त्यावरचं बांबूचं बेट

शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक मुकुटबनपासून दोन-अडीच कोस आत, जंगलाच्या कडेच्या एका गावात झाली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो. छप्पननंतर आमच्या घरानं बुद्ध धम्म स्वीकारला होता, वडिलांनी गावकीची कामं सोडली होती, आणि नॉर्मल स्कूलमधून मास्तर होऊन निघालेला आमच्या वस्तीतला मी पहिलाच. त्या गावात मला भाड्यानं खोली मिळाली नाही. तोंडावर कुणी नाही म्हणालं नाही. कुणाच्या खोलीत कडबा भरलेला होता, कुणाचा जावई येणार होता. शेवटी शाळेच्या मागच्या पडवीत मी चूल मांडली.

शाळा चौथीपर्यंतची. हेडमास्तर पहिली-दुसरी सांभाळत, मी तिसरी-चौथी. मला सगळ्यात जास्त आवडायचा भूगोल, आणि भूगोलातही नैसर्गिक साधनसंपत्तीचा धडा. नॉर्मल स्कूलमध्ये तो आम्हाला फार चांगला शिकवला होता. जमिनीतला दगड हा नुसता दगड असतो. माणसाला त्याचा उपयोग कळला की तो संपत्ती होतो, हे ऐकून मी त्या दिवशी हरखून गेलो होतो. मग त्या संपत्तीची वर्गवारी करायची. सजीवांपासून मिळणारी आणि निर्जीव. वापरली तरी पुन्हा येणारी, आणि एकदा संपली की संपलीच अशी. वापरात आलेली आणि अजून न आलेली. आणि मालकीवरून: एकाची, गावाची, सरकारची. हे सगळं कशासाठी, तर काय खर्च करायचं, काय राखायचं आणि कशावर कुणाचा हक्क आहे हे माणसाला कळावं म्हणून.

मालकीवरून केलेली ही वर्गवारी मला पाठ करावी लागली नाही. त्याचं कारण घरचं होतं. आमच्या गावाच्या नाल्याकाठी पांढऱ्या मातीचा एक उंचवटा होता. आमच्या वस्तीतल्या बाया पिढ्यान् पिढ्या तिथून माती आणून भिंती सारवायच्या. धर्मांतरानंतर गावकीची कामं थांबली तसं गावानं तो उंचवटा आम्हाला बंद केला. "माती गावची हाय, तुमी आता गावात कुठं राह्यले?" असं म्हणाले. पाचव्या दिवशी वडील पटवाऱ्याकडे गेले. पटवाऱ्यानं दफ्तर सोडलं, नक्शा पाहिला आणि म्हणाला, "जागा सरकारी हाय. कोनीबी माती नेऊ शकते." वडिलांनी त्याच्याकडून ती नोंद सगळ्या गावासमोर वाचवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी आई घमेलं घेऊन नाल्यावर गेली. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं होतं की, जे लिहिलेलं असतं ते हिरावून घेता येत नाही.

माझ्या चौथीत एक कोलाम आदिवासी मुलगी होती. गावापासून कोसभर आत डोंगराच्या कुशीत कोलामांचं पोड होतं, म्हणजे बारा-पंधरा झोपड्यांची वस्ती. तिथून शाळेत येणारी ती एकटीच. पोडाचा नाईक, म्हणजे मुखिया, तिचा आजा. तो तिला ओढ्यापर्यंत सोडायला यायचा. मुलगी अकरा-बारा वर्षांची, बोलायला कमी. घरी कोलामी, शाळेत मराठी, त्यामुळे प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबायची. पण झाडापाल्याचं तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं मला जन्मात कळलं नसतं.

पहिल्यांदा पोडावर गेलो तेव्हा नाईकानं मला झोपडीपुढच्या दगडावर बसवलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमी कोन?"

"बौद्ध."

त्यानं तो शब्द ऐकलेला नव्हता. मी समजावून सांगितलं. त्याला गंमत वाटली. "म्हंजे तुमचंबी नाव बदललं," तो म्हणाला. "आमाले तं नाकेदार दरसाली नवं नाव देते. कधी जंगलचे राखनदार, कधी जंगलचे चोर." नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी. मग त्यानं सुनेला हाक मारून पानाच्या द्रोणात मध आणायला सांगितलं. गावात चार महिने राहून मला इतक्या साधेपणानं कुणी काही खायला दिलं नव्हतं. मी वरचेवर पोडावर जाऊ लागलो.

पोडातली माणसं बांबूचं काम करीत. तट्टे, सुपं, टोपल्या. ते बाजारात विकून मीठ, कापड, थोडी ज्वारी आणायची. बांबू ते आणत ते पोडामागच्या दरीतून. दोन कड्यांच्या मधे एक ओढा होता, आणि त्याच्या काठानं बांबूची बेटं होती, इतकी दाट की दुपारीही खाली गार अंधार असायचा. वरच्या वाटेवरून गेलं तर दरी आहे हेच कळत नसे; नाईकानंच मला एकदा तिथं नेलं होतं.

पावसाळा सरता सरता तो धडा आला. मी ठरवलं की, पुस्तकातल्या खाणी आणि नद्या नुसत्या घोकायच्या नाहीत. मुलांनी आपल्या शिवाराचा तक्ता करायचा. मोठा जाड कागद आणला, चार मुलांच्या हाती रंगीत खडू दिले. मध्ये नकाशा, बाजूला रकाने. गावातल्या मुलांनी विहिरी, काळी जमीन, मुरूम, चुनखडी सांगितली. जंगलाचा भाग मात्र कोरा राहिला. मी कोलाम मुलीला उभं केलं.

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. मोहाची झाडं कुठं, चारोळीची कुठं, धावड्याचा डिंक कुठं, मधाचे कडे कुठले. मग बांबूपाशी आली आणि थांबली.

"बांबू कोणत्या रकान्यात?" मी विचारलं. "पुन्हा येणारी, का संपणारी?"

"दोन्हीत," ती म्हणाली.

वर्ग हसला. मी म्हणालो, "दोन्हीत कसं होईल?"

ती अडखळत बोलली. बेटातले जुने बांबू काढले, नवे ठेवले, तर बेट परत भरतं. पावसात आलेले कोंब तोडले, त्यात ढोरं घुसली, तर बेट मरतं. म्हणून दोन्हीत. "कापणाऱ्यावर हाय," असं ती म्हणाली. आज वाटतं, त्या धड्यावर मी पुढं तीस वर्षं जे काही बोललो त्यात एवढी खरी गोष्ट दुसरी नव्हती. तेव्हा मात्र मला रकाना भरायचा होता. मी 'पुन्हा येणारी' खाली बांबू लिहिलं.

"आता दरी कुठं ते नकाशात दाखव."

ती जागची हलली नाही. "गुरुजी, सारंच लिवायले पाह्यजे का?"

"अभ्यासात लपवाछपवी चालत नाही," मी म्हणालो. आवाज चढवला नाही, पण मास्तरचा आवाज होता. "आणि हे बघ, मालकीच्या रकान्यात आपण लिहू: सामुदायिक, पोडाची. लिहिलं म्हणजे उद्या कुणी तुमचं नाही म्हणायचं नाही."

तिनं खडू घेतला आणि ओढ्याची रेघ वर नेत नेत कड्यापाशी वळवली. तिथं हिरव्या रंगात छोटी छोटी बेटं काढली. चित्र सुरेख आलं होतं. मी तिची पाठ थोपटली.

थंडीत पांढरकवड्याला शिक्षकांचं संमेलन आणि शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरलं. हेडमास्तरांनी तक्ता पाठवायला सांगितलं. मी तो गुंडाळून, धोतरात बांधून, मालाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून घेऊन गेलो. तालुक्याच्या मोठ्या शाळेच्या व्हरांड्यात तो टांगला. शाळा तपासणारे दीपोटीसाहेब त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. स्थानिक परिसरातून शिक्षण कसं द्यावं याचा नमुना म्हणून त्यांनी माझा तक्ता सगळ्यांना दाखवला. ज्या माणसाला राहायला खोली मिळाली नव्हती त्याच्यासाठी टाळ्या वाजत होत्या.

दुपारनंतर गर्दी पांगली तेव्हा एक गृहस्थ आले. स्वच्छ धोतर, काळी टोपी, बोलणं गोड, अर्धं हिंदी. लाकडाच्या एका ठेकेदाराकडे मुनशी आहे असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मुलांच्या कामाचं त्यांनी कौतुक केलं, मला पान देऊ केलं. मग बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, ये नाला किधर पडते? मी त्या अंगाले दहा साल फिरून राह्यलो, पन असं बेट काही दिसलं नाही."

मी खिडकीतली छडी घेतली आणि त्यांना नीट समजावून सांगितलं. पोडाच्या मागून वाट कशी जाते, कड्याजवळ कुठं वळायचं, बैलगाडी कुठवर जाऊ शकते. त्यांनी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. हे मी आज लिहितो आहे, पण कितीतरी वर्षं मी स्वतःशीसुद्धा 'त्यांनी तक्ता पाहिला' एवढंच म्हणत असे.

होळी झाली आणि दरीत कुऱ्हाडी सुरू झाल्या. बाहेरून मजूर आणले होते. नाकेदारानं पोडाच्या माणसांना ताकीद दिली की आता ओढ्याच्या वर पाऊल टाकायचं नाही, ठेका लागला आहे. दोघांचे कोयते काढून नेले. मुलगी शाळेत यायची बंद झाली. आठवडाभर मी उद्यावर ढकललं. मग गेलो.

नाईकानं मला नेहमीच्याच दगडावर बसवलं. सुनेनं पाणी दिलं. मुलगी झोपडीच्या आत होती, ती बाहेर आली नाही. नाईक म्हणाला, "चाला, दाखवतो," आणि मला कड्यावरून खाली डोकवायला नेलं. मजुरांना मोळीमागं पैसे होते, म्हणून हाताशी येईल ते कापलं होतं. जुने बांबू बेटाच्या मध्यभागी अडकलेले; कोवळे कडेला, ते आधी गेले होते. कुठं कमरेएवढ्या उंचीवर तोडलेले, कुठं सोलून टाकलेले. ओढ्यात गाड्यांचे बैल उभे होते. दरीत ऊन पडलं होतं. तिथं इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता.

"असं कापलं तं पावसाळ्यात काय निंगन?" नाईक म्हणाला. "कोंब निंगला तं बैल खाईन."

मी म्हणालो, "मी साहेबाला भेटतो." त्याच्याकडे न पाहता म्हणालो.

अर्ज लिहून मी पांढरकवड्याला गेलो. तक्ताही परत मागायचा होता, दाखला म्हणून. शिक्षण खात्याच्या कचेरीत कळलं की निवडक साहित्य यवतमाळला पाठवलं, त्यात तो गेला. तेव्हा रिकाम्या हातानंच जंगलखात्याच्या रेंजरसाहेबांपुढे उभा राहिलो. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण ते भांडकुदळ निघाले नाहीत. पन्नाशीचे, दमलेले, दौऱ्यावरून नुकतेच आलेले. मला खुर्ची दिली आणि अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"सामुदायिक, पोडाची," त्यांनी माझेच शब्द वाचले. "ही वर्गवारी कुठली?"

"भूगोलाच्या पुस्तकातली."

"आमच्याकडं दुसरी आहे," ते म्हणाले आणि कपाटातून एक जाड वही काढली. राखीव जंगल, संरक्षित जंगल, कुरण, कोणतं झाड कोणत्या साली तोडायचं. पोड जिथं होतं तो सगळा डोंगर राखीव. कोलामांच्या झोपड्यांचा त्यात उल्लेखच नव्हता. मग त्यांनी त्या दरीची ओळ शोधून मला वाचून दाखवली: साग विरळ, बांबू नाही.

"बांबू नाही?"

"पूर्वी कुणीतरी वरच्या वाटेवरूनच पाहणी केली असेल. दरीत उतरलं नसेल. नोंद तशीच चालत आली. म्हणून आजवर तिथं ठेका गेला नाही." त्यांनी वही मिटली. "ठेकेदाराचा अर्ज आला तेव्हा आम्ही पाहणी केली, नोंद दुरुस्त झाली. खरं म्हणजे गुरुजी, तुमच्या शाळेचे आभारच मानले पाहिजेत."

ते उपरोधानं बोलत नव्हते. मनापासून म्हणाले होते. ज्या दफ्तरानं माझ्या आईला माती परत मिळवून दिली, तसल्याच दफ्तरातल्या एका चुकीनं या माणसांना इतकी वर्षं जगवलं होतं. ती चूक मी खोडून काढली होती.

रेंजरसाहेबांनी हातात होतं तेवढं केलं. पाच कोसांवरच्या दुसऱ्या भागातून पोडाच्या माणसांना डोक्यावरचा भारा आणायला पास मिळू शकेल, म्हणाले. त्यासाठी मी अर्जावर अर्ज लिहिले, माणसांचे अंगठे घेतले, तीनदा पांढरकवड्याला फेऱ्या घातल्या. पावसाळ्यानंतर सहा घरांना पास मिळाले. बाया पहाटे निघून अंधार पडता पडता भारा घेऊन परतायच्या; मग तट्टे विणायला वेळ कुठला उरायचा? दरीत त्या पावसाळ्यात कोंब आले ते तुरळक, आणि तेही गुरांनी खाल्ले. पोडातली पाच घरं पैनगंगेपलीकडे आपल्या नातलगांकडे निघून गेली.

एवढं सगळं होईपर्यंत मी नाईकाला खरी गोष्ट सांगितली नव्हती. पास मिळवून दिले म्हणून पोडातली माणसं मला मानत होती, आणि ते मानणं मला सोसवत नव्हतं. एका संध्याकाळी तो एकटाच सूप विणत बसला होता. मी बसलो आणि एका दमात सांगून टाकलं: प्रदर्शन, मुनशी, छडी, बैलगाडीची वाट.

त्याचे हात थांबले नाहीत. "मले ठाऊक हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पयल्याच दिसापासून. मुनशीच म्हने, तुमच्याच मास्तरानं दाखवली वाट."

म्हणजे कड्यावर मला नेलं तेव्हा त्याला ठाऊक होतं. पाणी दिलं तेव्हा सुनेलाही ठाऊक असणार. झोपडीत बसून राहिलेल्या मुलीलाही.

"मग मला बोलले का नाही?"

"तुमी आपून सांगान म्हून वाट पाह्यली." त्यानं काडी दातानं चिरली. "पोरगी म्हने, म्या गुरुजीले इचारलं होतं, सारंच लिवायले पाह्यजे का म्हून. तुमी तिचं आयकलं नाही. तिले बांबूचं दुख कमी हाय, त्याचं जास्त हाय."

मी तिला हाक मारायला सांगितलं. तो म्हणाला, ती पैनगंगेपलीकडे मावशीकडे गेली, चार-पाच रोज झाले, आता तिकडेच राहणार. मला ते ठाऊकच नव्हतं. हजेरीपटातून तिचं नाव मी अजून कमी केलं नव्हतं. माफी मागायची ती नाईकाजवळ मागितली. त्यानं 'असू द्या' म्हटलं नाही, आणि रागही केला नाही. काळोख होऊ लागला तसा म्हणाला, "जा आता, वाटेत अस्वल असते."

सुटीत घरी गेलो तेव्हा वडिलांना हे सारं सांगितलं. मला वाटलं होतं ते समजूत घालतील. "लिवलं नसतं तं आपल्याले माती भेटली नसती," ते म्हणाले. "पन पटवाऱ्याकडं म्या गेलतो, बाबू. माह्या पायानं, माह्या कामासाठी. तू त्याहिच्यासाठी लिवलं तवा त्याहिले इचारलं होतं का?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी विषय तिथंच सोडला.

पुढच्या साली माझी बदली आताच्या महागाव तालुक्यात, फुलसावंगीला झाली. तिथं शाळेत तांड्यावरची बंजाऱ्यांची मुलं होती. पूर्वी त्यांचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे. त्या मुलांना घरी ऐकलेल्या गोष्टींतून कोसाकोसावरची पाणवठ्याची, चाऱ्याची ठिकाणं पाठ होती. साधनसंपत्तीचा धडा आला तेव्हा एक मुलगा आपणहून उभा राहून सांगू लागला. मी त्याला बस म्हणालो. पुस्तकातल्या दूरदूरच्या खाणी आणि जंगलं शिकवली, प्रकार पाठ करून घेतले. परीक्षेत वर्ग चांगला पास झाला. तो मुलगा मात्र त्यानंतर भूगोलाच्या तासाला आपणहून कधी उभा राहिला नाही, आणि हेही माझ्याच हातून झालं.

दीपोटीसाहेब तपासणीला आले. नवे होते. मुलांना प्रश्न विचारले, उत्तरं बरोबर आली. जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं: 'भूगोल-पाठांतर उत्तम, स्थानिक उदाहरणांचा पूर्ण अभाव, शिक्षकाने परिसराकडे लक्ष द्यावे.' हेडमास्तरांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी तो शेरा दोनदा वाचला आणि खाली सही केली.